हातानं न थांबवलेलं गाणं

अण्णांच्या कंप्युटरचा पासवर्ड शिवकन्येला माहीत होता, निवेदिताला नव्हता.

यात खरं तर दोष निवेदिताचाच. पुण्याहून फोनवर तिनंच वडिलांना पुन्हा पुन्हा बजावलं होतं, की पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो. बँकेच्या माणसाला नाही, भाच्याला नाही, अगदी मलासुद्धा नाही. अण्णांनी, म्हणजे अंबादास गुरुजींनी, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेलं. सांगितलेलं शब्दशः पाळायची त्यांना सवय होती. त्यांनी पासवर्ड लेकीला सांगितला नाही. शिवकन्येला सांगितला, कारण मनाई केलेल्या माणसांत तिचं नाव आलं नव्हतं.

अण्णांचा चौदावा झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, सतरंज्या माळ्यावर चढल्या, आणि तुळजापुरातल्या त्या घरात निवेदिता आणि तिची आई अशा दोघीच उरल्या. वरच्या खोलीत अण्णांचा कंप्युटर होता. त्यात त्यांनी वर्षानुवर्षं जमवलेली आराधी बायकांची गाणी होती. देवीच्या दर्शनाला येणाऱ्या खेड्यापाड्यांतल्या बायकांना अण्णा घरी बोलवायचे, चहा द्यायचे, कॅमेऱ्यासमोर बसवायचे आणि त्या गातील तेवढं थेट कंप्युटरवर उतरवून घ्यायचे.

"शिवकन्येला बोलावते," विमलबाई म्हणाल्या. "तिलाच येतं ते उघडायला."

"आई, मी हेच काम करते."

"करत असशील. पण ते तुझ्या ऑफिसातलं. हे इथलं आहे."

तो पासवर्ड तोडायला निवेदिताला चहाला उकळी येईपर्यंतचा वेळ पुरला असता. पण तोडायचा म्हटलं की गेलेल्या माणसाच्या उशीखाली हात घातल्यासारखं वाटत होतं. आणि दुसरं असं, की न सांगता उघडलं असतं तर शिवकन्येला माहीत होतं आणि आपल्याला नव्हतं, ही गोष्ट तशीच राहिली असती. ती काही तुटली नसती.

शिवकन्या आली. तामलवाडीच्या शेतकरी घरातली, अण्णांची जुनी विद्यार्थिनी, आता बसस्टँडजवळ तिचं फोटो आणि व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान. जिन्यातली एक पायरी हलते. निवेदिता गेल्या पंधरवड्यात तिच्यावर दोनदा ठेचकाळली होती. शिवकन्येनं खाली न बघताच ती पायरी चुकवली. वर आल्यावर अण्णांची खुर्ची ओढली, तिचा मोडका दांडा पायानं वर करून धरला आणि बसली. ती खुर्ची अशीच बसवून घ्यावी लागते, हे तिच्या पायाला माहीत होतं.

"ताई, जरा तिकडं बघता?" ती म्हणाली.

"का?"

"पासवर्ड टाकायचाय. गुरुजी म्हणायचे, टाकताना कुणी बघू न्हाय."

निवेदितानं तोंड फिरवलं. भिंतीवर अण्णांचा शाळेच्या निरोपसमारंभाचा फोटो होता. तोही शिवकन्येनंच काढलेला. कोपऱ्यात तिच्या दुकानाचं नाव होतं. मागून कळा दाबल्याचा आवाज आला. बराच लांब पासवर्ड होता. 'लांब ठेवा' हेही निवेदितानंच सांगितलं होतं.

खरी सल वेगळीच होती, आणि ती निवेदितानं कुणालाही बोलून दाखवली नव्हती. अण्णांच्या छातीत कळ आली तेव्हा शिवकन्या घरी होती. तिनंच जीप बोलावली. सोलापूरच्या वाटेवर अण्णांचं डोकं तिच्या मांडीवर होतं, आणि निवेदिता त्या वेळी पुण्याला एका मीटिंगमध्ये, फोन उलटा ठेवून बसली होती. ती पोचली तेव्हा फक्त सह्या करायच्या उरल्या होत्या. वाटेत अण्णा काय बोलले, हे तिनं शिवकन्येला अजून विचारलं नव्हतं. विचारायचं म्हणजे मागायचं. आपल्याच वडिलांचं काहीतरी दुसरीकडून मागून घ्यायचं.

"हे बघा, आजीचं गाणं लावते," शिवकन्या म्हणाली. तिची आजी धुरपदाबाई, पंचक्रोशीतली नावाजलेली आराधी. शिवकन्येनं व्हिडिओचा प्लेअर उघडला, आणि निवेदिताची नजर खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर गेली.

"हे व्हर्जन किती जुनं आहे."

"असंल."

"अपडेट का नाही केलं? मी कितीदा सांगितलं होतं त्यांना."

"गुरुजी म्हणायचे, राहू दे. नवीन आलं की बटणं जागा सोडून कुठंतरी जाऊन बसतात, मग हुडकत बसावं लागतं."

"आणि तू ऐकलंस?"

शिवकन्येनं खुर्ची वळवली. "त्यांचं कंप्युटर, ताई. त्यांची मर्जी."

आता हा प्लेअर साधासुधा नव्हता. फुकट मिळतो म्हणून जगभरातल्या घरांत तो असतो, आणि त्याची भोकं बुजवणाऱ्या मंडळींत निवेदिता एक होती. तिचं पोट त्यावर चालायचं. अण्णा लोकांना सांगायचे, "आमची लेक पिक्चरच्या मशीनला ठिगळं लावते." समोरच्या जुन्या व्हर्जनमध्ये जे मोठं भोक होतं ते तिनंच शोधलं होतं, आणि तिनंच बुजवलं होतं. बाजारात पोतं येतं तेव्हा आत किती माल आहे त्याची चिठ्ठी वर बांधलेली असते. व्हिडिओच्या फाइलीच्या तोंडाशीही तशी चिठ्ठी असते. जुना प्लेअर त्या चिठ्ठीवर डोळे मिटून भरवसा ठेवायचा. मग एखादा लबाड माणूस चिठ्ठीवर भलताच आकडा लिहायचा, माल ठरल्या जागेबाहेर सांडायचा, आणि त्या गोंधळात त्याचा माणूस घरात शिरायचा. निवेदिताचं ठिगळ एवढंच, की आधी माल मोजायचा, चिठ्ठीशी ताडून बघायचा, आणि जुळलं नाही तर फाइल दारातूनच परत पाठवायची. जगभर ते ठिगळ लागलं. बापाच्या घरात मात्र भोक उघडं राहिलं, आणि याच कंप्युटरवर आईचे बँकेचे व्यवहार चालत होते.

तेवढ्यात गाणं सुरू झालं. गळ्यात कवड्यांची माळ घातलेली धुरपदाबाई, शेजारी चार बायका, तुणतुणं आणि टाळ. आवाज असा, की खोलीतली भांडी ऐकत थांबावीत. गाणं संपलं तरी चित्र चालूच राहिलं. बायका पदर सावरत होत्या, एकमेकींना चिमटे काढत होत्या. मग कॅमेऱ्यामागून अण्णांचा आवाज आला, अगदी जवळून, खोकल्यासकट.

"चिमणे, चहाचं बघ गं."

आणि चित्रातली शिवकन्या दारातून म्हणाली, "ठेवलाय, गुरुजी."

निवेदिताचा हात कधी पुढं गेला तिचं तिलाच कळलं नाही. तिनं कळ दाबली. चित्र जागीच गोठलं.

चिमणी म्हणजे ती. शाळेत जायच्या आधीपासून. हा शब्द अण्णा तिच्या लग्नाच्या बोलण्यात वापरत नव्हते, पाहुण्यांसमोर वापरत नव्हते. तो घरातला होता, हळदीच्या डबीसारखा आतल्या फळीवरचा. आणि तो त्यांनी सहज उचलून दुसरीच्या हातात दिला होता, तेही चहासाठी.

"ताई, मधीच नका बंद करू," शिवकन्या म्हणाली. "पुढं अजून हाय."

"पुरे आता. डोकं दुखतंय माझं."

शिवकन्या थोडी घुटमळली. "मंगळवारी आजीला आणते. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून तिचा आवाज गेला, आता नुसती हवा निघती. स्वतःचं गाणं एकदा ऐकायचंय म्हणती. गुरुजींनी कबूल केलं व्हतं. आणू ना?"

"आण की," निवेदिता म्हणाली.

शिवकन्या गेली. कंप्युटर उघडाच होता. निवेदिता अण्णांच्या खुर्चीत बसली, खुर्ची खटकन खाली गेली, आणि तशाच खाली गेलेल्या खुर्चीतून तिनं प्लेअर अपडेट केला. भोक होतं हे खरंच. पण भोक चार दिवसांनी, शिवकन्येशी बोलूनही बुजवता आलं असतं. तिला या खोलीत काहीतरी असं बदलायचं होतं, की पुढच्या वेळी शिवकन्येनं आपल्याकडे वळून विचारावं, ताई, हे कसं करायचं?

नवा प्लेअर आला. तिनं धुरपदाबाईची फाइल त्यात उघडली.

'ही फाइल सदोष आहे. उघडता येत नाही.'

मराठीतला हा निरोप तिनंच लिहिला होता. तो लिहिताना सदोष की बिघडलेली यावर तिनं एक अख्खी दुपार घालवली होती.

तिनं दुसरी फाइल लावली. तेच. तिसरी, शेवटची, मधलीच एखादी. सगळ्या दारातूनच परत. मग तिनं एका फाइलीचं पोट उघडून बघितलं, आणि तिच्या लगेच ध्यानात आलं. रेकॉर्डिंग सुरू होताना चिठ्ठीवर एक खोटा, अवाढव्य आकडा टाकलेला असतो. थांबवायचं बटण दाबलं, की तो पुसून खरा लिहिला जातो. इथं तो कुठंच पुसलेला नव्हता. म्हणजे एकदाही, एकाही गाण्याला, कुणी थांबवायचं बटण दाबलेलं नव्हतं. जुन्या प्लेअरचा डोळे मिटून भरवसा ठेवायचा जो दोष होता, त्याच दोषावर अण्णांची सगळी गाणी चालत होती. तो दोष निवेदितानं काढून टाकला होता.

कुणी शिकवलं असेल त्यांना असं अर्धवट? शिवकन्येनंच. दुसरं कोण येत होतं इथं? म्हणजे ती येत होती, जात होती, चहा करत होती, आणि साधं रेकॉर्डिंग बंद कसं करायचं हे तिनं म्हाताऱ्या माणसाला नीट दाखवलं नव्हतं. निवेदिताला बरं वाटलं. वडील जाऊन पंधरवडा झाला होता, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिला काहीतरी बरं वाटत होतं. त्याची लाज तिला तेव्हा वाटली नाही.

जुना प्लेअर परत घालणं शक्य होतं, पण ते ती कधीच करणार नव्हती. खरा उपाय म्हणजे माल मोजून चिठ्ठी दुरुस्त करणं. तेही तिला येत होतं. तिनं ते केलं नाही. मंगळवारपर्यंत ती आईबरोबर कपाटं आवरत राहिली.

मंगळवारी धुरपदाबाई आली. पाठीत वाकलेली, गळ्याला मफलर, हातात हुरड्याची पिशवी. जिना चढताना मधे बसली आणि पुन्हा उठली. विमलबाईंनी तिला हात दिला, तेव्हा दोघी नुसत्या एकमेकींना धरून उभ्या राहिल्या.

वर शिवकन्येनं पासवर्ड टाकला. निवेदितानं फोटोकडे बघितलं. फाइल उघडली नाही.

"असं काय करायलंय?" शिवकन्येनं पुन्हा लावली. दुसरी लावली. फाइल मोबाईलवर घेऊन बघितली, तिथंही चालेना. तिचा चेहरा उतरला. "परवा तर लागलं व्हतं. दिवाळीत म्या ह्या नव्या डिस्कवर टाकल्या. डिस्कच खराब निघाली का? ताई, माझ्याच हातून झालं का हो?"

आता निवेदितानं खरं सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं.

"असेल," ती म्हणाली. "जुन्या फायली असतात. जातात कधीकधी."

शिवकन्येनं मान खाली घातली. ती रडली नाही; नुसती माउसवरून बोट फिरवत राहिली. विमलबाईंनी लेकीकडे पाहिलं आणि पदरानं कंप्युटरवरची धूळ पुसली, जी तिथं नव्हती.

धुरपदाबाई मात्र हसली. आवाज नव्हताच, नुसता वारा. पण शब्द कळत होते. "जाऊ दे गं. मास्तर गेला, त्येच्या संगं गेली असतील. एकटाच कुटं जाईल त्यो? त्येला गानं लागतंच." मग निवेदिताचा हात ओढून तिला जवळ बसवलं. "तुला सांगू का लेकी, तुजा बाप लई गुणाचा. पयल्या दिशी माजं गानं झालं, आन् ह्यो बटन दाबाया निगाला. म्या म्हनलं, मास्तर, हात मागं घ्या. देवीचं गानं आपल्या हातानं थांबवू न्हाय. त्ये आपलं आपन थांबतंय."

"मग?" निवेदितानं विचारलं.

"मग काय. यवढा शिकल्याला मानूस, पर ऐकलं. आमी समद्या चा पिऊन, गप्पा हानून, चपला घालून जायाचो, तवर मशीन चालूच. सगळी गेली की मग भितीतली पिन काढायचा. म्हनायचा, धुरपदाबाई, म्या बटन न्हाय दाबलं, लाइट गेली असं समजा."

"म्या कितीदा म्हणलं त्यांना," शिवकन्या हळूच म्हणाली. "गुरुजी, असं करू न्हाय, कंप्युटर बिघडंल. तर म्हणायचे, मी शब्द दिलाय."

शिवकन्येचा म्हणून निवेदितानं जो दोष धरला होता, तो नव्हताच. आणि त्याहून मोठी गोष्ट आता तिच्या लक्षात येत होती. बायका चपला घालून गेल्यावरही मशीन चालू असायचं. म्हणजे प्रत्येक गाण्याच्या मागं, सगळे निघून गेल्यावर, खोलीत एकटे असलेले अण्णा होते. भिंतीपर्यंत चालत जाऊन पिन काढेपर्यंतचे.

"दर्शन करून येतो," धुरपदाबाई उठत म्हणाली. "मंगळवार हाय, रांग मोठी असंल. यश्टी दुपारची हाय, तवर इतंच टेकू. लेकी, हुरडा गरम करून खा."

आजी-नात गेल्या. विमलबाई जिन्यापर्यंत पोचवून परत आल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

"निवे, तू काही केलंस का गं त्या कंप्युटरला?"

"भोक होतं त्यात. ते बुजवलं."

"बरं," विमलबाई म्हणाल्या. "तुझ्या अण्णांना खोटं बोलता येत नसे. फोनवर सोडून." आणि खाली गेल्या.

निवेदितानं धुरपदाबाईच्या गाण्याची मूळ फाइल तशीच ठेवली आणि तिची एक प्रत काढली. प्रतीतला माल मोजला, खोटा आकडा काढला, खरा लिहिला. काम अगदी थोडं होतं. ते करताना तिच्या मनात असंही आलं, की या सगळ्या फायली दुरुस्त करून आपण पुण्याला घेऊन जाव्यात, आणि इथं कुणाला कळूही नये. बिघडल्या म्हणून सगळ्यांनी मानलंच आहे. मग अण्णा आपल्या एकटीचे होतील. पूर्वी होते तसे.

तिनं प्रत लावली.

गाणं झालं. पदर सावरून झाले. "चिमणे, चहाचं बघ गं." या वेळी तिनं कळ दाबली नाही. चहा आला, बश्यांत ओतला गेला, कुणाच्या तरी सुनेची चेष्टा झाली, बायका उठल्या, जिन्यावर पावलं वाजली. खोली रिकामी झाली. मग अण्णा कॅमेऱ्यासमोर आले. पाठमोरे. घरचा ढगळ पायजमा, मळखाऊ स्वेटर. वाकून कप गोळा करायला लागले, आणि आत्ताच ऐकलेलं गाणं गुणगुणायला लागले, साफ बेसूर.

फोन वाजला. अण्णांनी कप खाली ठेवले, खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर सारून नाव बघितलं, आणि चटकन खाली बसले. बसले म्हणजे मांडी घालून, ऐसपैस, जेवायला बसावं तसे.

"हं, बोल."

पलीकडचा आवाज येत नव्हता. पण पलीकडं कोण होतं ते निवेदिताला कळलं, आणि आपण काय बोललो तेही हळूहळू आठवलं. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून, लिफ्ट येईपर्यंत केलेला फोन.

"हो हो. करतो ना, आत्ताच करतो. कंप्युटरसमोरच बसलोय... हो, अपडेट. ते निळं बटण... नाही, काही नाही, एकटाच आहे... जेवलो. तू?... बरं, तो राजगिऱ्याचा लाडू आईनं..."

ते थांबले. फोन कानालाच होता.

"बरं, बरं. जा तू. ठेव," अण्णा म्हणाले. पलीकडून फोन आधीच बंद झाला होता. त्यांच्या चेहऱ्यावरून ते दिसत होतं. तरी ते म्हणाले. आणि फोन कानाला लावून तसेच बसून राहिले.

दारात शिवकन्या आली. "ओढणी राहिली माझी. गुरुजी, कुणाचा फोन?"

"आमच्या मोठ्या चिमणीचा," अण्णा म्हणाले. "कंप्युटरचं सांगत होती. हुशार आहे फार." मग गुडघ्यावर हात टेकून उठले, कप शिवकन्येच्या हातात दिले, ती गेली; आणि ते कॅमेऱ्याच्या दिशेनं यायला लागले. मोठे होत गेले. स्वेटरची वीण दिसली. बाजूला भिंतीशी वाकले, कण्हले, आणि चित्र गेलं.

निवेदितानं ते दोन शब्द परत ऐकले. पुन्हा ऐकले. मोठी चिमणी. रडू आलं तेव्हाही तिला हे कळत होतं, की दुसरी असल्याशिवाय कुणाला मोठी म्हणत नाहीत. दुखायचं ते थांबलं नव्हतं. फक्त आता त्या दुखण्यात तिलाही जागा होती.

ती पुढची फाइल घेणार, तेवढ्यात लाइट गेली. कंप्युटर बंद पडला. ती तशीच बसून राहिली, आणि लाइट आली तेव्हा पडद्यावर पासवर्डची रिकामी चौकट होती.

दुपारी कपाळभर कुंकू लावून दोघी परत आल्या. निवेदितानं त्यांना बसूही दिलं नाही.

"शिवकन्या, फायली तुझ्या हातून गेल्या नाहीत. मी प्लेअर बदलला, म्हणून त्या उघडेनात. सकाळी मला माहीत होतं."

शिवकन्या बघतच राहिली. "मग सांगितलं का न्हाय?"

जीप, खुर्ची, पायरी, पासवर्ड, सगळं निवेदिताच्या डोक्यात येऊन गेलं. "त्यांनी तुला चिमणे म्हटलं," ती म्हणाली.

ते इतकं पोरकट वाटलं की तिचं तिलाच कसंसं झालं. शिवकन्या म्हणाली, "मला तर तुमचा लई राग यायचा. कायबी केलं तरी, आमची निवेदिता असती तर असं केलं असतं. मिक्सिंग माझं, दुकान माझं, आन् शाबासकी पुण्याला."

"तुमचं काय ते मागनं भांडा," धुरपदाबाई म्हणाली. "गानं हाय का न्हाय?"

"आहे. पण आजी, एक विचारायचं होतं. ती गाणी चालवायची तर प्रत्येक गाणं कुठं संपतं ते मला लिहावं लागतं. तुम्ही म्हणालात, हातानं थांबवू नये."

म्हातारीनं विचार केला. "थांबवायचं हाय, का मोजायचं हाय?"

"मोजायचं. मूळचं तसंच राहील."

"मग मोज की. मोजाया कोन नको म्हनतंय? देवीच्या बांगड्याबी मोजून भरत्यात."

शिवकन्या खुर्चीकडे गेली, दांडा पायानं वर करून बसली आणि कळांवर हात ठेवून थांबली. निवेदितानं आपण होऊन तोंड फिरवलं आणि फोटोकडे बघत उभी राहिली. पासवर्ड विचारला असता तर शिवकन्येनं आता सांगितला असता, हे तिला कळत होतं. तिनं विचारला नाही.

गाणं लागलं. धुरपदाबाई दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून ऐकत होती. ओळ यायच्या आधी तिचे ओठ हलत होते, आणि आवाज मात्र समोरून येत होता. विमलबाई दाराच्या चौकटीला टेकल्या होत्या. गाणं संपलं, टाळ थांबले, बायकांनी पदर सावरले, आणि अण्णा खोकले.

"चिमणे, चहाचं बघ गं."

निवेदिता आणि शिवकन्या, दोघी एकदमच उठल्या.

क्षणभर दोघी समोरासमोर उभ्या होत्या. शिवकन्येला हसू येत होतं. निवेदिताला येत नव्हतं.

"तू बस," ती म्हणाली. "मी करते."

ती जिना उतरली. हलणारी पायरी या वेळी तिनं चुकवली. खाली पातेलं ठेवलं, आलं ठेचलं. वरून जुन्या गप्पा ऐकू येत होत्या, त्या सुनेची चेष्टा, आणि त्यावर धुरपदाबाईचं आताचं बिनआवाजाचं हसणं. मग जिन्यावरची पावलं, चपलांचे आवाज, आणि एक माणूस बेसूर गुणगुणत होता.

शिवकन्या जिन्याच्या तोंडाशी आली. "ताई, आजीला बिनसाखरेचा. आन् लवकर या वर," ती म्हणाली. "तुमचा फोन येईल आता."

निवेदितानं गॅस बारीक केला.